कायम मान्यतेची पाहणी

"या साहेब, या! रस्ता सापडायला त्रास नाही ना झाला?"

पाहुण्यांनी जीपमधून पाय खाली टेकवला नाही तोच चंद्रहास राऊतांनी पहिला हार घातला. सफारीतले वयस्कर साहेब जरा गांगरलेच. मागच्या दोघा तरुणांनाही हार मिळाले, एकाच्या हातात फाईल होती, दुसऱ्याच्या हातात टेप. समिती आली की आधी हार, मग नारळ, मग चहा. नावगाव विचारायचं नाही, ते संशय घेतल्यासारखं दिसतं. बोळिंजच्या या कॉलेजात हा रिवाज हेडक्लार्क राऊतांनीच, म्हणजे सगळ्यांच्या भाऊसाहेबांनीच सुरू केला होता, आणि त्यात त्यांनी कधी खंड पडू दिला नव्हता.

विद्यापीठाचं पत्र येऊन आठवडा झाला होता. कॉलेजला कायम मान्यता द्यायची की नाही, हे ठरवायला पाहणी समिती या पंधरवड्यात येणार होती. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे पंच्याण्णव साली आलेल्या समितीनं शेरा मारला होता: 'इमारतीच्या भक्कमपणाबद्दल शंका वाटते.' अरे, शंका? या इमारतीबद्दल? तो शेरा भाऊसाहेबांच्या जिव्हारी लागला होता. यंदा पुन्हा तेच लिहिलं गेलं, तर जूनपासून प्रवेश बंद आणि कॉलेजला टाळं.

काल संध्याकाळी संस्थेच्या अध्यक्षांचा मुंबईहून फोन आला होता. "उद्या माणसं येतील. सगळं दाखवा, काही लपवू नका." प्राचार्यांना त्यांनी आज सकाळीच मुंबईला बोलावून घेतलं होतं. बरंच झालं. प्राचार्य नवीन माणूस, त्यांना इथल्या दगडाविटांतलं काय कळणार होतं?

"भाऊसायेब, आधी पानी देऊ का चाय?" शिपाईबाई रंभाबाईंनी विचारलं. त्या अर्नाळ्याहून आज पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या आणि येताना पाहुण्यांसाठी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी, घेऊन आल्या होत्या.

"दोन्ही आण. आणि सुकेळी विसरू नकोस."

चहा झाला. भाऊसाहेब पुढे, पाहुणे मागे.

"साहेब, एकोणऐंशी साली पहिला वर्ग भाताच्या वखारीत भरला. बावीस पोरं आणि दोन मास्तर. मग गावानं ठरवलं, कॉलेज बांधायचं. दर रविवारी श्रमदान. मीही डोक्यावर दगड वाहिलेत, तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. थॉमस गवंडी होता ना, त्यानं मजुरी म्हणून एक पैसा घेतला नाही. म्हणायचा, माझी पोरगी इथं शिकेल तेव्हा फिटेल. आता ती पोरगी इथं शिकवते, बोला!"

"जमीन कोणाची होती?" साहेबांनी विचारलं.

"कार्मिनबाईंची केळीची वाडी होती. त्यांनी संस्थेला लिहून दिली. कागद एकदम स्वच्छ आहेत. बघायचेत?"

"हो, बघू ना."

भाऊसाहेबांचा चेहरा खुलला. मागच्या समितीनं कागदांकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. ही माणसं कामाची दिसत होती. टेपवाला प्रत्येक वर्ग मोजत होता, फाईलवाला लिहून घेत होता. एका वर्गात पोरं उठून उभी राहिली आणि एका सुरात "नमस्ते सर" म्हणाली. साहेब खांबांकडे बघत पुढे गेले.

लायब्ररीत मात्र ते दोन मिनिटंही थांबले नाहीत. अकरा हजार पुस्तकं! भाऊसाहेबांना जरा लागलं. पण मोठमोठ्या लायब्रऱ्या बघितलेली माणसं ही, त्यांना त्याचं काय कौतुक असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"विहिरीला पाणी किती महिने असतं?"

"बारमाही, साहेब. मे महिन्यातसुद्धा गोड."

"पुढचा रस्ता किती फुटी?"

"चाळीस. पंचायतीच्या मागे लागून मी करून घेतला. आवारात राहतं मात्र कोणी नाही, रखवालदारसुद्धा गावातलाच."

"उत्तम," साहेब म्हणाले.

मग भाऊसाहेबांनी त्यांना मुद्दाम मागच्या भिंतीपाशी नेलं. कोपऱ्यातला हातोडा उचलून त्यांनीच साहेबांच्या हातात दिला. "मारून बघा, साहेब. लाजू नका."

साहेबांनी एक घाव घातला, मग दुसरा जोरात. टवकाही उडाला नाही. साहेबांनी टेपवाल्याकडे बघितलं आणि टेपवाल्यानं मान हलवली. भाऊसाहेबांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायला आलं. मारा म्हणावं आता शेरा!

परत येताना ते थकले होते, पण बोलायचे थांबले नव्हते. कोणत्या खोलीचा स्लॅब कोणत्या साली घातला, कोणत्या गावानं सिमेंटच्या किती गोण्या दिल्या, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. हे कॉलेज माझं आहे, असं ते कधी म्हणाले नव्हते. आज मात्र त्यांना तसं अगदी मनापासून वाटत होतं.

जीपपाशी पोचल्यावर त्यांना राहवलं नाही.

"साहेब, खरं तर विचारू नये. पण इमारतीबद्दल काय मत झालं?"

साहेबांनी खालपासून गच्चीपर्यंत नजर नेली. "खरं सांगू? असं बांधकाम आजकाल बघायला मिळत नाही. एक नंबर आहे."

भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. हे ऐकायला ते तीन वर्षं थांबले होते. त्यांनी हात जोडले. "एवढंच लिहा, साहेब. दुसरं काही नको."

"लिहावंच लागेल," जीपमध्ये बसत साहेब म्हणाले. "तुमच्या अध्यक्षांना मी पाडायला पंधरा दिवस सांगितले होते, आता महिना तरी लागेल."