आत कुणी अडकलंय का?

"आत माणूस अडकलाय, हे लिहिलंच नाहीत?" लिफ्ट कंपनीचे साहेब तक्रारी नोंदवणाऱ्या घोरपडेबाईंवर कडाडले. एक आजोबा तीन तास लिफ्टमध्ये होते.

"फॉर्मवर तो रकानाच नव्हता हो."

कॉम्प्युटरवर फॉर्म तयार करणाऱ्या मकरंदने चहाचा कप खाली ठेवला. "नवी लिफ्ट घेणाऱ्याला अडकलात का विचारतोस?" अशी विक्रीवाल्यांनी टर उडवल्यावर काल त्याने ऐटीत तो रकाना काढून टाकला होता. तोच फॉर्म बाईंचा विभागही वापरतो, हे साफ विसरला होता. आता त्याने गुपचूप रकाना परत बसवला.

साहेबांनी बाईंच्या स्क्रीनवरच्या त्या रकान्यावर बोट ठेवलं. "मग हे काय आहे? उद्यापासून येऊ नका."

बाई डोळे चोळत राहिल्या. "म्हातारी झाले रे मकरंद. नवीन येईल तिला नीट दाखव हो."

मकरंदने रकाना पुन्हा काढून टाकला.

"साहेब," मान खाली घालून तो म्हणाला, "आता बघा."