सरजाबाईचा भाऊ

टेप सुरू व्हायच्या आधीच सूर्यभानाला घाम फुटला होता. शाळेच्या वऱ्हांड्यात अर्धं गाव जमलं होतं. बाया एका अंगाला, बाप्ये एका अंगाला. मधे टेबलावर टेपरेकॉर्डर. त्यात त्याच्या बायकोचा, सरजाबाईचा आवाज होता, आणि बायको जाऊन वर्ष होत आलं होतं.

सुमनबाई परभणीच्या कॉलेजात मराठी शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गावातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या टेप करून नेल्या होत्या. गावाला त्या ऐकवायच्या, असं त्यांच्या मनात होतं. नामांतराच्या बंदात एसट्या थांबल्या आणि त्यांचं येणं लांबत गेलं. आज आल्या आणि हात जोडून सूर्यभानाला म्हणाल्या, “काका, काकूंनी भावावर फार सुंदर ओव्या गायल्यात.”

तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

सरजाबाईला भाऊ नव्हता. सख्खा नव्हता, चुलत नव्हता. लग्नात नवरदेवाचा कान पिळायला शेजारचं पोर धरून आणावं लागलं होतं. हे गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. मग ती गात होती ते कुणाला? पहाटे जातं सुरू व्हायचं तेव्हा तो रानाच्या वाटेला लागलेला असायचा. उभ्या जन्मात त्यानं तिची एक ओवी धड ऐकली नव्हती. आता ती विचारायलाही राहिली नव्हती.

तो टेबलापाशी गेला. हळूच म्हणाला, “बाई, तेवढं भावाचं वगळा की.”

“का हो काका?”

“उगं. काय करायचंय लोकायला.”

“असं वगळता येत नाही,” सुमनबाई म्हणाल्या. “हे साहित्यच आहे, काका. छापलेलं नाही एवढंच. जसं गायलं तसंच ठेवावं लागतं.”

साहित्य पुस्तकात असतं, एवढंच त्याला माहीत होतं. त्यात आपल्या घरातलं काही असेल, आणि ते चारचौघांत वाजेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तो जागेवर येऊन बसला.

आधी जात्याची घरघर आली. मग तिचा आवाज. सूर्यभानानं मान खाली घातली.

माझ्या गं बंधूची, चाल वळखते दुरून
अशी भरल्या डोळ्यानं, पाहते मी दाराआडून

बायांत कुजबुज झाली. व्यंकटरावानं पान तोंडात टाकलं. गावातला कुणाचाही कागद न वाचता चुका काढणारा माणूस. तो मोठ्यानं म्हणाला, “सूर्यभान, हा मेव्हणा कोण रं तुहा? आमाला तर कधी दिसला न्हाई.”

दोघं-तिघं हसले. सूर्यभानाचे कान तापले. उठून टेप बंद करावी, असं त्याला वाटलं. पण तिचा आवाज बंद करायला हात उचलेना. टेप चालूच होती.

सासू गेली गावाला, घरी बाळंतीण एकटी
बंधू चुलीम्होरं बसला, आतून लावी गं ताटी

आता सगळेच हसले. “लेकाचा भाकरी थापायला बसला की काय!” व्यंकटराव म्हणाला. “असा बायल्या भाऊ कुण्या गावचा?”

सूर्यभानानं मान वर केली. थोरली पोर झाली तेव्हा आई बहिणीकडं गेली होती. सरजाबाईला ताप होता. बाप्या माणूस चुलीपुढं बसला तर गाव हसेल, म्हणून कुणीतरी आतून दाराची ताटी लावून घेतली होती. त्या घरात तेव्हा दोनच मोठी माणसं होती. आईलाही हे कधी कळलं नव्हतं.

तो उठून उभा राहिला.

“भाकरी म्या थापल्या,” तो म्हणाला.

व्यंकटरावाचं पान तोंडातच राहिलं. बायांमधून म्हातारी केशरबाई फणकारली, “हसायलाव काय रे? जात्याला म्होरं सासू बसल्याली. तिच्यासमोर नवऱ्याचं कवतिक गाता येतंय व्हय? ज्याचं गायचं त्याला भाऊ करावं लागतंय. आमी समद्यांनी तसंच गायलं.”

जात्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग सरजाबाई पुन्हा गायली.

बंधूच्या हातची गं, भाकर करपली थोडी
काय सांगू बाई, तिला साखरेची होती गोडी

सूर्यभान मटकन खाली बसला. धोतराच्या सोग्यानं त्यानं डोळे पुसले आणि शेजारच्याकडं वळून म्हणाला, “मला तर म्हणली व्हती, गिळवंना.”