हात आडवे

"पहिल्या बाकावरून गेलेलं करकटक ज्याच्याकडे असेल त्यानं मुकाट्यानं पुढे आणून ठेवावं," बाई म्हणाल्या.

सातवीचा वर्ग ढिम्म हलला नाही. बाई या शाळेत गणित शिकवायला लागून जेमतेम चार दिवस झाले होते. त्याआधी नऊ वर्षं त्या बायकांच्या तुरुंगात पहारेकरी होत्या. चाळिशीत पुन्हा परीक्षा देऊन त्या इथे आल्या होत्या आणि ही गोष्ट त्यांनी पर्यवेक्षिकाबाईंखेरीज कुणाच्या कानावर घातली नव्हती.

"दप्तरं बाकावर. उठा सगळे."

आवाज त्यांच्याही नकळत जुना लागला. वर्ग धडपडत उभा राहिला. शेवटच्या बाकावरची मुलगी मात्र सरळ भिंतीपाशी गेली आणि पाय फाकवून, दोन्ही हात आडवे पसरून, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मुलं फिदीफिदी हसली.

"हा काय चावटपणा?"

"झडती घ्यायचीय ना? असं उभं राहायला तुम्हीच शिकवलंत." मुलीनं मान वळवली नाही. "तुरुंगात आईला भेटायला यायचे तेव्हा. वेण्यासुद्धा सोडायला लावायचात. मग म्हणायचात, जा, वीस मिनिटं मिळतील, मोठ्यानं बोलायचं."

हसू जागच्या जागी विरलं. बाईंनी चेहरा आठवून पाहिला. आठवेना. किती पोरी आल्या, किती गेल्या.

"हात खाली कर. तुझी झडती नाही घ्यायची मला."

"का नाही? माझी आई कुठे आहे ते आता सगळ्यांना कळलंय. घ्या, नाहीतर मीच ढापलं म्हणतील."

"बाई, सापडलं," पहिल्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं. "माझ्याच वहीत होतं."

तिकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मुलीचे हातही खाली आले नाहीत.

बाईंनी टेबलावरची पर्स उचलली, शेवटच्या बाकावर नेऊन ठेवली आणि मुलीशेजारी भिंतीकडे तोंड करून हात पसरले.

"घे. माझी घे."

मुलीनं त्यांची गय केली नाही. किल्ल्या, गोळ्यांचं पाकीट, घडी केलेला रुमाल, सगळं बाकावर ओतलं. पर्सचं अस्तर चाचपलं. पाण्याची बाटली उघडून वास घेतला. मग बाईंच्या खांद्यांपासून मनगटांपर्यंत हात फिरवले, झरझर, सराईतपणे.

दारावरून जाणाऱ्या पर्यवेक्षिकाबाई थबकल्या. "हे काय चाललंय?"

"होतंय एवढ्यात," बाई म्हणाल्या. हात तसेच होते.

मुलीनं सामान पर्समध्ये कोंबलं, चेन ओढली, पर्स बाईंच्या हातात दिली आणि फळ्याकडे बोट केलं.

"जा. वीस मिनिटं मिळतील. मोठ्यानं बोलायचं, सगळ्यांना ऐकू आलं पाहिजे."