पंधरा दिवसांनी तेच उत्तर

“तिच्याशी बोलायचं नाही, हनान,” प्राध्यापक वेलदोड्याची कॉफी ओतत म्हणाले.

अम्मानच्या महिला महाविद्यालयात नैराश्य ओळखणारी इंग्रजी प्रश्नावली अरबीत आणून ते दोघं तपासत होते. एकोणीस वर्षांच्या रुबाने ‘मरून जावंसं वाटतं का?’ या प्रश्नापुढे ‘जवळजवळ रोज’वर खूण केली होती.

“पंधरा दिवसांनी मुली पुन्हा हेच प्रश्न सोडवतील. तीच उत्तरं आली, तर भाषांतर भरवशाचं ठरेल. तू मध्येच धीर दिलास, तर उत्तर बदलेल. आपण भाषांतर तपासतोय, मुलींना नाही.”

“आणि पंधरा दिवसांनी ती आलीच नाही तर?”

“मग तिला वगळू. मुली पुरेशा आहेत.”

हनानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे भाषांतर तिनेच केलं होतं. इथल्या मुलींच्या तोंडचे शब्द शोधायला तिने महिना घालवला होता. त्या शब्दांनी रुबाला बोलतं केलं होतं, आणि आता ऐकणाऱ्यांनीच कानांत बोळे घालून बसायचं?

तिने खुर्ची मागे सारली.

“कुठे निघालीस?”

“उत्तर बदलायला,” ती म्हणाली आणि रुबाच्या वर्गाकडे चालू लागली.