बिनशिट्टीचा कुकर

नव्या आईला, वृंदाला, शाल्मली अजून मावशीच म्हणायची. पोरीला खूश करायला वृंदाने डब्यातली बिस्किटं चुरली, त्यात तूप-गूळ कालवला, वर केळी रचली आणि तळाशी मीठ पसरलेल्या कुकरमध्ये भांडं ठेवलं.

"शिट्टी काढ, मावशी. आई काढायची."

वृंदाने ती काढून ओट्यावर ठेवली. "मग झालं ते कसं कळायचं?"

"आईच तोंडाने शिट्टी वाजवायची."

वृंदाला हसू आलं. वर्षश्राद्ध होऊन गेलेल्या त्या बाईबद्दल पहिल्यांदाच माया वाटली.

दोघी बाहेर झोपाळ्यावर बसल्या. केळ्या-तुपाचा वास सुटला, आणि स्वयंपाकघरातून लांबलचक शिट्टी आली.

घरात तिसरं कुणी नव्हतं. शाल्मलीच्या तोंडात केळ्याचा घास होता. तो गिळून ती म्हणाली,

"ऊठ ना, मावशी. ती दोनदा सांगत नाही."