खिडकीतला राउटर

"तुमचं नेट घरात कमी आणि रस्त्यावरच जास्त आहे, आजी," नेटवाला मोबाइल हातात धरून घरभर फिरून आला आणि म्हणाला. "राउटर खिडकीत ठेवल्यावर दुसरं काय होणार? आणि या भिंती बघा. हातभर जाड. घर बांधलंय की किल्ला?"

राउटर खिडकीत आजीबाईंनीच नेऊन ठेवला होता.

टेबलावर उभ्या केलेल्या फोनमधून त्यांची मुलगी बघत होती. नेटवाल्याला तिनेच तिकडून बोलावलं होतं. "दादा, तो आधी घराच्या मधे आणा. आईला झोपायच्या खोलीत फोन केला की तिचा चेहरा तोंड उघडं टाकून गोठून बसतो. मला इकडे धडकी भरते हो."

यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून आजीबाईंना विरोधही करता येईना.

नेटवाल्याने राउटर मधल्या बोळात भिंतीवर ठोकला. सिग्नल पुढे ढकलणारा एक छोटा डबा झोपायच्या खोलीत लावला. मग स्वतःच्या मोबाइलमध्ये बघता बघता तो थांबला.

"आजी, तुमचा फोन सोडून हा दुसरा कोणाचा? रोज संध्याकाळी येतो, जरा वेळ राहतो, जातो."

"असेल कोणाचा तरी," आजीबाई म्हणाल्या आणि स्वच्छ टेबल उगाच पुसू लागल्या.

"बघ! कोणीतरी फुकट वापरतंय आणि तुला पत्ताच नाही," मुलगी म्हणाली. "दादा, पासवर्ड बदला." नवा पासवर्डही तिने तिथल्या तिथे सांगितला. तिचं स्वतःचं लहानपणचं लाडाचं नाव, पुढे जन्मसाल. "हा तू विसरणार नाहीस. आणि कोणाला सांगायचा नाही, आई. अजिबात."

"आता दार लावलं की बाहेर टिपूससुद्धा जायचं नाही," नेटवाला खूश होऊन म्हणाला.

आजीबाईंना पत्ता होता. चांगलाच होता. समोरच्या गोदामाचा वॉचमन कामावर जायच्या आधी त्यांच्या पायरीवर बसून घरी फोन लावायचा. त्याच्या मुलाला ताप होता आणि फोनमधला पॅक संपला होता, त्या दिवशी पासवर्ड त्यांनीच दिला होता. नंतर दोघांत बोलणं असं झालंच नाही. तो पायरीवर, आजीबाई खिडकीची कडी हळूच काढून आत खुर्चीत, दिवा न लावता. गडी कायम स्पीकरवर बोलायचा. आजीबाई सुरुवातीला वैतागल्याच होत्या. काय ही रीत, घरच्या गोष्टी अशा चव्हाट्यावर! मग हळूहळू त्याच्या बायकोचा खोकला, गळकं छप्पर, धाकटीची जेवताना चालणारी नाटकं, सगळं त्यांना तोंडपाठ झालं. स्वतःच्या लेकीच्या फोनवर मात्र गोळी घेतलीस का, जेवलीस का, चल ठेवते, मीटिंग आहे. लेक मायाळू होती, त्यात वाद नाही. पण तिच्या घरात काय चाललंय ते आजीबाईंना या परक्याच्या घराइतकं कधी कळलं नव्हतं.

आणि आज वॉचमनच्या मुलाचं शाळेत नाटक होतं. त्याच्या वाट्याला एकच वाक्य होतं, "महाराज, घोडा पळाला!" पोरगं दरवेळी घाईत घोडा गाळून महाराजांनाच पळवायचं. कितीतरी दिवस बाप पायरीवर बसून त्याची तालीम घेत होता, आणि आत अंधारात आजीबाईही ओठ हलवत होत्या.

संध्याकाळी झोपायच्या खोलीत नेट नुसतं धो धो येत होतं. आजीबाई मात्र आज आधीच खिडकीची कडी काढून पुढच्या खोलीत बसल्या होत्या. वॉचमन आला, पायरीवर बसला. फोन कानाला लावला, काढला. वर धरून बघितला. उभा राहून दारापाशी सरकला, परत मागे आला. मग त्याने फोन खिशात टाकला आणि डब्याची पिशवी उचलली.

आजीबाईंनी जाऊन दार उघडलं.

"पासवर्ड बदललाय," त्या म्हणाल्या. आणि लेकीचं लाडाचं नाव त्यांनी त्याला सांगितलं, मग साल. किती वर्षांत ते नाव त्यांनी मोठ्याने घेतलं नव्हतं. "दार उघडंच ठेवते. नाहीतर तुझ्यापर्यंत पोचायचं नाही."

तो एकेक अक्षर दाबत होता, तोवर त्यांना दम निघेना.

"घोडा पळाला का रे नीट?"

बोलून गेल्या आणि जीभ चावली. इतक्या दिवसांची चोरी एका वाक्यात उघडी पडली होती. आता हा निघून जाईल, उद्यापासून दुसरी पायरी बघेल, असं त्यांना वाटलं आणि त्या उंबऱ्यातच खिळल्या.

त्याने मान वर केली नाही. "अजून विचारायचंय," तो म्हणाला. मग म्हणाला, "आजी, माझे कान चांगले आहेत. मला स्पीकर लागत नाही."

आजीबाईंना आधी काही उमगलंच नाही.

"मी येऊन बसलो की तुमच्या खिडकीची कडी वाजते," तो म्हणाला. त्याने आवाज पूर्ण वाढवला, फोन दोघांच्या मधे पायरीवर ठेवला आणि घरचा नंबर लावला.