चाळीसपैकी चाळीस

"चाळीसपैकी चाळीस कसे पडतील, सुलभाताई? पत्रिका जुळवणारे भटजीसुद्धा छत्तीसवर थांबतात."

प्रकाश मंडळाच्या जिन्यातच उभा होता. डोक्यावर हेल्मेट तसंच, काखेत लॅपटॉप. कोठीहून काचीगुड्यापर्यंत तो स्कूटर इतकी पिटाळत आला होता की वाटेत एक रिक्षावाला ओरडला, "कायकू मरने को जारा, मियाँ!"

सुलभाताई मराठी वधू-वर मंडळ चालवायच्या. हातात पेढ्यांचं ताट होतं.

"तूच केलीस ना वेबसाइट? मग पेढा घे आणि बाजूला हो. चार वाजता सुपारी फुटायचीय."

साडेतीन वाजून गेले होते. आत हॉलमध्ये सतरंजीवर दोन्हीकडची मंडळी बसली होती. मुलगी आबासाहेबांची चारुलता, मुलगा नांदेडच्या लक्ष्मणरावांचा विक्रम. सुपारी फुटली की चारूला इथली लॅबमधली नोकरी सोडून नांदेडला जायचं, बारा माणसांच्या घरात. वेबसाइटवर चाळीस प्रश्न. प्रत्येकात मुलाकडच्यांची एक अट आणि मुलीचं उत्तर, 'चालेल' की 'चालणार नाही'. चारूच्या पानावर चाळीसही 'चालेल'.

"ताई, ती उत्तरं पोरीची नाहीत."

"मग काय माझी?"

"ऐका. सगळ्यात वर एक मूळ फाइल असते. तिच्यातून मुलींची फाइल निघते आणि त्यातून एकेकीचं पान. खाली कुणी काही लिहिलं नाही, तर वरचं आपोआप खाली उतरतं."

"सासूबाईंचं नाक माझ्या मुलीत उतरलंय तसं?"

"हौ, तस्संच. आणि वर लिहिलंय 'चालेल'."

"कुणी लिहिलं रे मेल्या?"

"तुमच्या जुन्या छापील फॉर्मवरनं घेतलं मी. मुलीच्या रकान्यात 'चालेल' आधीच छापलेलं असायचं."

सुलभाताईंनी ताट खाली ठेवलं. फॉर्म त्यांच्या सासऱ्यांच्या काळातला. चाळीस वर्षं कुणाला खटकला नव्हता. त्यांनाही नाही.

"जा, आबासाहेबांना सांग," त्या हळूच म्हणाल्या. "मी नाही सांगणार. मला जगायचंय."

प्रकाशने घड्याळ बघितलं. चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या. मग आत गेला.

आबासाहेब भिंतीला टेकून ताठ बसले होते. अफझलगंजात त्यांचं धान्याचं दुकान आणि बाजारात त्यांच्या शब्दाला किंमत. प्रकाशने लॅपटॉप उघडला आणि चारूचं पान सगळ्यांना दाखवलं. नाव, फोटो, जन्मतारीख. "हे 'चालेल' वरच्या फाइलमधून उतरलंय, पोरीनं लिहिलेलं नाही," म्हणत त्याने ते काढलं, तशा खाली चाळीस रिकाम्या जागा उरल्या.

"फॉर्म कुणी भरला?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"मी," आबासाहेब म्हणाले. "नाव घातलं, फोटो लावला, बटण दाबलं. पुढचे प्रश्न बघायला चष्मा नव्हता जवळ."

"बाबा, निदान मला विचारायचं तरी," चारू म्हणाली. ती सतरंजीचा दोरा ओढत बसली होती.

"तू गप. आणि ए प्रकाश, तुझं मशीन गेलं खड्ड्यात. लक्ष्मणरावांना शब्द दिलाय मी. आबासाहेबाचा शब्द असल्या रिकाम्या जागांनी फिरत नसतो. ताई, आणा सुपारी!"

सुलभाताई सुपारी घेऊन दारातच थबकल्या. विक्रम मोबाइलमध्ये डोकं घालून होता.

"थांबा आबासाहेब," लक्ष्मणराव म्हणाले. "मी साखर कारखान्यात तीस वर्षं काटा सांभाळलाय. काटा चुकला की गाडी परत वजनाला लावायची. मला पोरीला विचारू द्या. बाळ, नोकरी सोडशील?"

चारूने बापाकडे बघितलं. आबासाहेबांनी डोळे वटारले.

"नाही, काका."

"नांदेडला राहशील? एकत्र घरात?"

"नाही."

"विक्रमला तुझ्या हातचंच जेवण लागेल."

"मला वरणाला फोडणी देता येत नाही, काका. आणि मला ते शिकायचंही नाहीये."

विक्रम फिसकन हसला आणि आईचा हात पाठीत बसल्यावर गप्प झाला.

"तीनपैकी शून्य," लक्ष्मणराव म्हणाले. ते उठले आणि त्यांनी आबासाहेबांचे दोन्ही हात धरले. "तुमच्याकडून काही चुकलं नाही. चूक मशीनची. शब्दातून मी तुम्हाला मोकळं करतो. आपली दोस्ती आहे तशीच राहील."

"मला मोकळं व्हायचं नाही!" आबासाहेब गरजले. "माझं नाक कापलं या पोट्ट्यानं! जमलेलं लग्न मोडलं!"

"राहू द्या हो," लक्ष्मणरावांनीच त्यांना पेढा भरवला. वीस मिनिटांत नांदेडची मंडळी स्टेशनकडे निघालीसुद्धा. चारू खिडकीत उभी राहून डोळे पुसत होती, मधेच हसत होती.

सुलभाताईंनी प्रकाशला कोपऱ्यात घेतलं. "आजच्या आज ती फाइल नीट कर. एकाही पोरीच्या नावावर न विचारता 'चालेल' जाता कामा नये."

"करतो, ताई."

तो जिना उतरला. स्कूटरला किल्ली लावली. मागून धाडधाड पावलं आली. आबासाहेब.

"थांब रे! तुला सोडत नाही आज!" त्यांनी वर खिडकीपर्यंत जाईल असा आवाज लावला आणि प्रकाशची कॉलर धरून त्याला पानाच्या टपरीच्या आड खेचलं. तिथे त्यांनी कॉलर सोडली, वर त्याच्या शर्टाची इस्त्रीही हाताने सारखी केली.

"झकास जमवलंस," ते कुजबुजले. "पोरीला मलाही धाडायचं नव्हतं, पण दिलेला शब्द मला मोडता येत नाही. फक्त ती फाइल इतक्यात नीट करू नकोस. रविवारी लातूरचे येतायत, त्यांनाही शब्द देऊन बसलोय."